दानाला माप

"दोन बोटं. तुझी नव्हेत, माझी. बाईमाणसाची बोटं बारीक, त्यानं पाणी फसतं. म्हणून ही फळी घे. जाळं परक्याचं असो की घरचं, आधी फळी, मग पाणी. जाळ्याच्या डोळ्यातून फळी गेली नाही, तर ज्यानं विणलं त्यानंच उसवायचं. तू विणलं असशील तर तू."

सासरे हे म्हणाले तेव्हा कुशीवर वळायचीही ताकद त्यांच्यात उरली नव्हती. उशाशी बसलेली सून "हो" म्हणाली.

"हो नको म्हणूस. शब्द दे."

"दिला, आबा."

मग ते निवांत झाले. दुसऱ्या दिवशी पहाटे गेले.

फळी कसली, वीतभर लाकडाचा गुळगुळीत तुकडा. दोन बोटं रुंद, एका टोकाला भोक पाडून दोरी ओवलेली. पण तळ्याकाठच्या वस्तीत तिला मान होता. कोणी नवं जाळं विणलं की ते आधी या घराच्या उंबऱ्यावर येई. घरची बाई हातातलं काम ठेवून बसे आणि तीन जागी फळी घालून बघे. डोळ्यातून फळी सुळकन गेली तर फळी कपाळाला लावून जाळं परत देई. अडली तर बोलत काही नसे, जाळं मांडीवरून खाली ठेवी. तेवढ्यावर माणूस समजे आणि घरी जाऊन उसवायला बसे. लहान मासा निसटला पाहिजे, मोठा होऊन परत आला पाहिजे, एवढाच त्यातला हिशेब. सून होती ती हळूहळू सगळ्या वस्तीची मावशी झाली. नवरा गेला, मुलगा कर्ता झाला, सून आली, नात झाली. फळी मात्र तिच्याच हातात राहिली.

मग तळं सरकारी झालं. कचेरी आली. कचेरीचं लोखंडी कडं आलं, त्या मापानं आता जाळी तपासणार असं सांगण्यात आलं. तरुण पोरं म्हणाली, आता म्हातारीच्या उंबऱ्यावर कशाला? कचेरीत गेली तर साहेब जागेवर नसत. दोन मापं झाली की एकही उरत नाही, तसं झालं. तरी जुनी चार माणसं जाळं घेऊन येत, आणि मावशी तीन जागी फळी घालून बघे.

दोन पावसाळ्यांमागे एका सकाळी शाळेच्या मैदानात ट्रक उभा राहिला. त्यातून गठ्ठे उतरले. निळ्या, मऊ, नव्याकोऱ्या मच्छरदाण्या. दूरदेशच्या लोकांनी पाठवलेल्या, फुकट. माणशी एक. मावशीच्या घरात चार माणसं, म्हणून चार. नर्सबाईनं यादीवर तिचा अंगठा घेतला. नाक उन्हानं लाल झालेली एक परदेशी बाई मैदानात ठेवलेल्या खाटेशी गुडघे टेकून बसली आणि जाळीची कड गादीखाली कशी खोचायची ते दाखवू लागली. तिची बिचारीची तळमळ खरी होती. घामानं निथळत होती, तरी तिसऱ्यांदा खोचून दाखवत होती.

गर्दीतून शेजारचा मिशीवाला ओरडला, "मावशी, फळी आणा फळी. नवं जाळं आलंय, आधी माप लावा."

सगळे हसले. मावशीही हसली. म्हणाली, "दानाला का कोणी माप लावतं?"

दुभाष्यानं ते परदेशी बाईला सांगितलं. तिला इतकं आवडलं की तिनं ते वहीत टिपून घेतलं.

बोलून मावशी विसरली. वस्ती विसरली नाही.

घरात माणसं चार, जाळ्या चार, पण खाट एकच. एक जाळी खाटेवर बांधली, तिच्यात सून आणि नात निजायच्या. तीन कोनाड्यात घडी घालून ठेवल्या. जाळीत वारा येत नाही म्हणून मुलगा कुरकुरायचा. सगळीकडे हेच. महिना झाला आणि मिशीवाल्यानं त्याच्या तीन कोऱ्या जाळ्या एकाला एक शिवून काठाकाठानं ओढून पाहिल्या. एका ओढीत बादली भरली. बोटाच्या पेराएवढी मासळी, आजवर कधी हाताला न लागलेली.

"मिशीवाल्या, हे काय रे?" कोणीतरी विचारलं.

"मावशीनं निकाल दिलाय. दानाला माप नाही."

हे तिच्या कानावर आलं तेव्हा ती उंबऱ्यात बसून जुनं जाळं सांधत होती. लाकडी सुई हातात तशीच राहिली. उठून जावं, सांगावं की बाबांनो, मी माणसांच्या झोपेबद्दल बोलले होते, माशांबद्दल नव्हे, असं तिला फार वाटलं. पण आता विचारतंय कोण, असंही वाटलं. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता ती गेलीच नाही.

तोवर पूडवालाही आला होता. नवीन रुंद रस्ता थेट तळ्यापर्यंत आला आणि त्यावरून त्याचा ट्रक. वाळलेली मासळी पोत्यानं घ्यायचा. लहानमोठं बघत नसे. त्याला सगळी दळायचीच होती.

"दळून करता काय?" मावशीनं विचारलं.

"जहाजात घालून पाठवतो. समुद्रापलीकडे कोंबड्या खातात."

"कोंबड्या?"

"तिकडच्या कोंबड्या तुमच्यापेक्षा बरं खातात, मावशी," तो म्हणाला आणि पोतं काट्यावर टाकलं. स्वभावानं वाईट नव्हता. पोरांना ट्रकच्या मागे बसवून एक फेरी मारून आणायचा.

एके दिवशी मुलगा दुपारी होडीतून रिकामा परतला. आबांच्या मापाचं जाळं खांद्यावर, त्यात दोन शिंगाळ्या आणि शेवाळ. जाळं अंगणात टाकून तो बसून राहिला. मग उठला आणि कोनाड्यातल्या तीन जाळ्या खाली काढल्या. बाहेरून आणखी सहा आणल्या. वाळल्या मासळीच्या बदल्यात बायांनी आनंदानं दिल्या होत्या. एक कुंभाराच्या सुनेची होती, अजून घडीही न मोडलेली.

"आई, वरचा दोर तूच चढवून दे. तुझ्यासारखा हात कोणाचा नाही."

"फळी लावू?"

"लावून काय बघायचंय? सुईसुद्धा जात नाही त्यातून."

"तेच म्हणते."

"तूच म्हणालीस ना भर मैदानात?"

"मी झोपेचं बोलले होते रे."

"मग तेव्हाच सांगायचंस." तो आवाज चढवत नव्हता. मान खाली घालून दोराची गाठ सोडवत होता. "काठाकाठानं वीस निळी जाळी फिरतायत. ते पिल्लं उचलतात, मग माझ्या जाळ्यात मोठं येणार कुठून? सगळी वस्ती ओरबाडत असताना मी एकटा हात बांधून बसलो तर तळं वाचणार आहे का? सांग. वाचणार असेल तर बसतो."

याला आबांकडे तरी उत्तर असतं की नाही, देव जाणे.

ती चार दिवस शिवत होती. निळं कापड इतकं मऊ की बोटांच्या भेगांत अडकायचं, धागा ओढला की भेग उलायची. वरच्या कडेला दोर, त्यावर हलक्या लाकडाचे ठोकळे. खालच्या कडेला शिशाच्या गोळ्या. कड दुमडून दुहेरी टाका, दर वितीला गाठ. वाईट काम चांगल्या हातानं केलं की ते जास्त टिकतं. मधे पोट कमी पडलं तेव्हा मुलानं खाटेवरची जाळीही सोडून आणली.

सून दारात उभी होती. "ती राहू दे ना."

"पुढच्या गठ्ठ्यात नवीन मिळेल," तो म्हणाला. "दर दोन वर्षांनी वाटणार आहेत."

दहा जाळ्यांचं जाळं झालं. घरच्या चार पोटाशी आल्या. पोट म्हणजे जाळ्याच्या मधली खोळ, ओढताना सगळी मासळी जिथे गोळा होते ती. तेवढ्यात खाटेचा एक पाय डुगडुगायला लागला म्हणून मुलानं हाताला आली ती फळी त्याखाली सरकवली. मावशीनं पाहिलं. काढ म्हणावं असं ओठांवर आलं, पण जाळं तिच्याच मांडीवर होतं. कुठल्या तोंडानं म्हणणार?

पहिलं वर्ष बरं गेलं, खोटं कशाला बोला. छपरावर पत्रा आला. नातीला चपला आल्या. सकाळी पुरुष जाळं ओढायचे, दोन होड्या, सहा माणसं, कमरेएवढ्या चिखलात. मावशी आणि सून वाळूवर मासळी पसरायच्या. खसखशीएवढे डोळे. लाखो. खराट्याचा फडा मारून मासळी फिरवताना मावशीची नजर त्यात ओळखीची अंगं शोधायची. हे वामाचं पिल्लू, हे मरळीचं. एकेक हातभर झालं असतं. सून विचारी, "आई, काय बघता?" ती म्हणे, "काही नाही गं, खडे वेचते."

दुसऱ्या वर्षी पाणी लवकर आटलं. तळ्याच्या कडेला भेगाळलेल्या चिखलाचा पट्टा रुंदावत गेला. तापलेला वारा सुटला की डोळ्यांत खारट धूळ जायची. जिथे दोन ओढींत पोतं भरायचं तिथे आठ ओढी लागू लागल्या. जाळ्यात पिल्लंही येईनात, चिखल आणि गोगलगायी यायच्या. मुलाचा उजवा खांदा उतरला. हात वर करून त्याला सदरा घालता येईना, सून घालून द्यायची.

त्याच सुमारास कचेरीचे साहेब मोटारसायकलवर आले. वाळूवर पसरलेली मासळी पाहिली, बोटानं चिवडली, हात रुमालाला पुसले.

"किती पोती निघाली गेल्या साली? बरोबर सांग हां. वर कळवायचं असतं."

मुलानं सांगितलं.

"वा. तळ्याचं उत्पन्न दीडपट झालंय. तुमचं तळं पहिल्या तिनात आहे. बाहेरच्या मदतीतून तुम्हाला शीतगृह मिळायचं बघा आता. मासळी ठेवायला."

"कुठली मासळी, साहेब?" मावशीनं विचारलं.

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. "मिळेल हो. यंदा पाऊस कमी."

"तुमचं ते लोखंडी कडं कुठंय?"

"कपाटात आहे. किल्ली मोठ्या साहेबांकडे."

"मग ही जाळी कोण तपासणार?" तिनं काठीवर सुकत घातलेल्या आपल्याच निळ्या जाळ्याकडे बोट केलं. मुलानं मान झटकन वर केली.

साहेब हसले. "मावशी, जाळ्याला लायसन असतं. मच्छरदाणीला कुठे असतं? ती आरोग्याची. आमच्या खात्यात बसत नाही. जाळंच नाही म्हटल्यावर गुन्हा कशाचा लिहू?" जाताना त्यांनी पिशवीभर मासळी नेली. चांगली निवडून.

ते गेल्यावर मुलगा म्हणाला, "तुला मला तुरुंगात घालायचंय का?"

"नाही रे. कोणीतरी नको म्हणावं, एवढंच."

"तू म्हण की. तुला कोणी अडवलंय?"



उन्हाळा संपत आला आणि नातीला ताप भरला. पाच वर्षांची पोर. आधी हुडहुडी, मग अंग भाजायचं, मग घामानं अंथरूण ओलं. तीन दिवसांनी उतरला. वीस दिवसांनी पुन्हा आला. तळ्याच्या आटलेल्या कडेला डबकी साचली होती आणि दिवस कलला की डासांचा ढग उठायचा.

दोघी सासूसुना पोरीला आळीपाळीनं कडेवर घेऊन दवाखान्यात गेल्या. दीड तासाची वाट. दवाखान्याच्या ओसरीत लांब बाक होता, त्यावर बायका दाटीवाटीनं बसलेल्या, प्रत्येकीच्या मांडीवर एक निपचित पोर. सगळ्या तळ्याकाठच्याच. कुंभाराची सून टोकाला होती, तान्ह्याला पालथं घेऊन.

नर्सबाईनं पोरीच्या डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली. पोट दाबलं. "दुसरा ताप ना हा? पोरीच्या अंगात रक्त नाही. जाळी लावता का झोपताना?"

सून खाली बघू लागली. मावशीही.

नर्सबाईनं यादी काढली, पानावरून बोट फिरवलं. "चार दिल्यात तुमच्या घरी. हा अंगठा तुमचाच ना, आजी?"

मावशीनं स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. भेगा पडलेला, धाग्यानं चर पडलेला. "माझाच."

"मग? खाता का जाळ्या?"

कोणी हसलं नाही. बाकावरची एकही बाई दुसरीकडे बघत नव्हती. प्रत्येकीची जाळी कुठे आहे ते प्रत्येकीला ठाऊक होतं.

नर्सबाईचा आवाज उतरला. दमलेली होती तीही. "हे बघा, गोळ्या संपत आल्यात. या तीन आहेत, अर्धी अर्धी करून द्या. नवीन कधी येतील सांगता येत नाही. जाळ्यांचंही तेच. पाठवणाऱ्यांनी तपासणी केली म्हणे, तुमच्याकडे घरोघर पोचल्या असं कागदावर आहे, म्हणून यंदा दुसऱ्या भागाला गेल्या. तेव्हा घरात आहे ती बांधा. हिला तिसरा ताप झेपायचा नाही. मी घाबरवत नाही, सांगतेय."

परतताना दोघी बाजारातल्या दुकानाशी थांबल्या. दुकानदार म्हणाला, "होत्या की. निळ्या. तुमच्या तळ्यावरच्यांनीच नेल्या सगळ्या, शिवायला."

ऊन माथ्यावर आलं होतं. वाटेत एकुलत्या झाडाच्या सावलीत बसल्या. सुनेनं पोरीच्या तोंडाला पाणी लावलं. मग म्हणाली, "आई, आपल्या चारांतली एक तरी."

"बांधते."

"कुठून?"

"आज दिवस मावळायच्या आत खाटेवर जाळी बांधते. शब्द देते तुला."

हा तिचा आयुष्यातला दुसरा शब्द. पहिला खाटेच्या पायाखाली होता.

"ते ऐकायचे नाहीत," सून म्हणाली.

"त्याला विचारणार आहे. ऐकलं नाही तरी विचारणार."

ऊन कलल्यावर घरी पोचल्या तेव्हा मुलगा जेवून भिंतीकडे तोंड करून पडला होता. सकाळच्या ओढीत अर्धी बादली आली होती. मावशीनं पोरीला खाटेवर निजवलं आणि त्याच्या पायाशी बसली. नर्सबाई म्हणाली ते सगळं सांगितलं, तिसऱ्या तापाचंही.

तो भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला, "आठ दिवस थांब. ट्रक आठ दिवसांनी येतोय. सात पोती भरली तरच तो येणार, नाहीतर यायचा बंद होणार. पूडवाला म्हणालाय तसं. आपली तर पोटाशी आहेत. एक काढली तरी खोळ फाटली."

"आठ दिवस डास थांबतील का?"

"मग खाऊ काय, आई?"

"ते मला माहीत नाही."

"आबांचं जाळं टाकू? त्यात काय येतं पाहिलंयस ना?"

"पाहिलंय. काही येत नाही."

"मग?"

"आणि यातही येत नाहीये रे आता," ती हळूच म्हणाली. "मला दुसरं काही कळत नाही. टाके मी घातलेत. मीच काढणार. आपल्या चार काढून थांबायचं नाही, दहाच्या दहा काढणार. कुंभाराच्या सुनेची तिला देऊन येते. तिचंही पोर तापानं फणफणलंय. जाळीवरचं डासांचं औषध धुऊन गेलं असेल, पण जाळी आहे. डास तरी आत यायचा नाही."

त्याचा उतरलेला खांदा श्वासाबरोबर वरखाली होत होता.

मावशी उठली. अंगणातून एक चपटा दगड आणला. सुनेनं खाट एका बाजूनं उचलून धरली, पोर कण्हली. मावशीनं पायाखालची फळी ओढून काढली आणि दगड सरकवला. फळीला एका जागी खाच पडली होती, दोरी कुजली होती. तिनं ती हातानं पुसली, डोळे मिटून क्षणभर कपाळाला लावली आणि कमरेला खोचली. सुनेनं कोनाड्यातून ब्लेडचा तुकडा आणून तिच्या तळहातावर ठेवला.

ती उंबऱ्यात वाकून चपला घालत होती तेव्हा मागून भिंतीकडचा आवाज आला.

"वरचा दोर कापू नकोस. नवा आहे."

ती थांबली. वळली नाही. वळली असती तर त्याला तोंड दाखवावं लागलं असतं, आणि त्याला तिला.

"कापायचं काहीच नाही," ती म्हणाली. "उसवायचंय."

काठावर जाळं होतं तिथवर जायला शंभर पावलं. मिशीवाल्याची बायको वाळूवर फडा मारत होती, तिनं मान वर करून पाहिलं. पलीकडे काठ्यांवर निळं जाळं सुकत होतं, मधली खोळ वाऱ्यानं फुगलेली, रिकामी. मावशीनं सूर्याकडे पाहून वेळेचा अंदाज घेतला. दर वितीला गाठ, दुहेरी टाका, आणि घट्ट तिच्याच हातचा. मावळतीला फार वेळ नव्हता. ती पाय उचलून चालू लागली.